बॉब पेझली : नऊ हंगाम, तीन युरोपियन कप आणि तरीही मागच्या रांगेत

डावा हाफबॅक (धागाकर्ता)

इंग्लंडमधला सर्वांत मोठा फुटबॉल मॅनेजर कोण, ही चर्चा निघाली की फर्ग्युसन, क्लफ, बस्बी, शँकली ही नावं आधी येतात. बॉब पेझलीचं नाव कुणीतरी उशिरा काढतं, तेही लिव्हरपूलचा आधीचा मॅनेजर बिल शँकली याच्याकडे बोट दाखवून, ‘शँकलीची टीम आयती मिळालेला’ अशी पुस्ती जोडून. मला हे कायम खटकत आलं आहे, म्हणून हा धागा.

आधी हिशेब मांडतो. १९७४ ते १९८३, लिव्हरपूलचा मॅनेजर म्हणून ९ हंगाम. लीग ६ वेळा (१९७६, ७७, ७९, ८०, ८२, ८३). युरोपियन कप, म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग, ३ वेळा (१९७७, ७८, ८१). लीग कप शेवटच्या तिन्ही वर्षी. शिवाय एक यूएफा कप, एक युरोपियन सुपर कप. ५३५ सामने, त्यांतले ३०७ जिंकले. रिकाम्या हाताने गेलेला हंगाम एकच, तो पहिला, आणि त्यातही संघ लीगमध्ये दुसरा आला होता. युरोपियन कप तीनदा जिंकणारा तो पहिला मॅनेजर. त्याच्या बरोबरीला दुसरा माणूस यायला २०१४ उजाडलं, तो अँचेलॉटी.

आता माणूस. जन्म २३ जानेवारी १९१९, डरहॅम परगण्यातलं हेटन-ल-होल हे खाणकामगारांचं गाव. वडील खाणीत. हा स्वतः गवंडीकाम शिकत होता आणि फुटबॉल खेळत होता. संडरलंडने अंगाने लहान म्हणून नाकारलं. मग बिशप ऑकलंड या हौशी क्लबातून १९३९ चा एफए अमॅच्युअर कप जिंकला आणि त्याच वर्षी मे महिन्यात लिव्हरपूलमध्ये दाखल झाला. चार महिन्यांत युद्ध. तोफखान्यात भरती, उत्तर आफ्रिका, मग इटली. फुटबॉलपटूच्या उमेदीची सहा-सात वर्षं अशी गेली. परत आला तो थेट १९४६-४७ च्या लीगविजेत्या संघात, लेफ्ट हाफ (मधल्या फळीतला डावीकडचा खेळाडू) म्हणून.

१९५० मध्ये एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत उपांत्य सामन्यात शहरातल्याच एव्हर्टनविरुद्ध त्याने गोल केला आणि अंतिम सामन्याच्या संघातून मात्र त्याला वगळलं. क्लब सोडून जावं असं त्याच्या मनात आलं होतं. गेला नाही. पुढे मॅनेजर म्हणून खेळाडूंना वगळायची वेळ आली तेव्हा वगळलेल्याच्या मनात काय चालतं हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

१९५४ मध्ये खेळणं थांबलं, आणि इथून माझ्या मते खरी गोष्ट सुरू होते. राखीव संघाला शिकवणं, टपालाने शरीरशास्त्राचा अभ्यास, मग पहिल्या संघाचा ट्रेनर आणि फिजिओ. शँकली डिसेंबर १९५९ मध्ये आला तेव्हा पेझली तिथे होताच. पुढची जवळजवळ १५ वर्षं शँकली बोलत राहिला आणि पेझली पाहत राहिला. कोण दुखणं लपवतो, कोण वाढवून सांगतो, कोणाची मांडी हिवाळ्यात धरते, कोणाचा गुडघा अजून दोन हंगाम टिकेल. चालण्यावरून दुखापत ओळखण्याबद्दल तो खेळाडूंमध्ये प्रसिद्ध होता.

माझं म्हणणं एवढंच की मॅनेजर म्हणून त्याने जे केलं ते या डोळ्यांनी केलं. व्यूहरचना, भाषणं, पत्रकारांसमोरची चमक यांतलं काही त्याच्याकडे विशेष नव्हतं. बोलणं तर इतकं पुटपुटतं की खेळाडूंना अर्धं कळायचं नाही. पण खेळाडूचं शरीर, त्याचा वेग आणि त्याचं मन कधी उतरणीला लागणार हे इतरांच्या वर्षभर आधी त्याला दिसायचं, आणि दिसलं की तो थांबायचा नाही.

जाणकारांनी भर घालावी. असहमती असेल तर तीही सविस्तर येऊ द्या.

बूटरूम

उत्तम धागा. एक भर घालतो. पेझली एकटा पाहत नव्हता. लिव्हरपूलचं मैदान अॅनफिल्ड, तिथल्या मार्गिकेत बूट ठेवायची ती खोली होती, तिथे जो फेगन, रॉनी मोरन, रुबेन बेनेट, नंतर टॉम सॉन्डर्स असे सगळे बसायचे. बसायला खोकी, सोबत बाटल्या. सामना संपला की पाहुण्या संघाचे प्रशिक्षकही तिथे येऊन पेला घ्यायचे आणि आपल्या खेळाडूंबद्दल भरभरून बोलून जायचे. ही मंडळी ऐकून घ्यायची.

शिवाय रोजच्या नोंदवह्या. कुठला व्यायाम घेतला, मैदान कसं होतं, कोणाला काय दुखलं, वर्षानुवर्षं लिहिलेलं. अमुक महिन्यात संघ जड का वाटतोय असा प्रश्न पडला की मागच्या वर्षांची वही काढायची. आज क्लब यासाठी माणसं आणि यंत्रं नेमतात. त्यांनी ते हाताने लिहून ठेवलं होतं.

आणि जेफ ट्वेंटीमन. मुख्य स्काउट, १९६७ पासून. पेझलीने घेतलेले नील, हॅन्सन, रश हे लहान क्लबांतले खेळाडू आधी त्याने हेरलेले.

ट्रेंटकाठ

मी नॉटिंगहॅम फॉरेस्टवाला, त्यामुळे थोडं बोचरं लिहितो.

पेझलीचे आकडे थोर आहेत, वाद नाही. पण १९७४ मध्ये त्याच्या हाती काय आलं ते पाहा. शँकलीने दुसऱ्या विभागातला क्लब घेतला, १९६२ मध्ये वर आणला, १९६४, ६६ आणि ७३ ला लीग जिंकली, ७३ ला यूएफा कप, ७४ ला एफए कप. क्लेमेन्स, ह्यूज, कीगन, हायवे, टोशॅक, कॅलहन तयार. गर्दी तयार, घडी बसलेली.

आता क्लफ. जानेवारी १९७५ मध्ये फॉरेस्टला आला तेव्हा संघ दुसऱ्या विभागात गटांगळ्या खात होता. १९७७ ला वर, १९७८ ला थेट लीगविजेता, १९७९ आणि १९८० ला युरोपियन कप. मधे लीगमध्ये सलग ४२ सामने अपराजित. आणि १९७८ च्या शरदात युरोपियन कपच्या पहिल्याच फेरीत गतविजेत्या लिव्हरपूलला घरी पाठवलं. घरच्या मैदानावर २-०, अॅनफिल्डवर ०-०. त्याच वर्षी लीग कपचा अंतिम सामनाही फेरसामन्यात आमचाच. शून्यातून उभं करणं आणि उभं असलेलं राखणं यांत फरक आहे.

डावा हाफबॅक

ट्रेंटकाठ, क्लफबद्दल तुमच्या एकाही ओळीला माझा विरोध नाही. फॉरेस्टचं ते यश फुटबॉलमधल्या सर्वांत अचाट गोष्टींपैकी आहे. पण ‘राखलं’ हा शब्द मला मान्य नाही. संघ पाहा.

१९७७ च्या रोममधल्या युरोपियन कप अंतिम सामन्यात शँकलीच्या काळातले खेळाडू भरपूर होते, खरं आहे. १९८१ च्या पॅरिसमधल्या अकरांत उरले तिघे : क्लेमेन्स, थॉम्पसन आणि रे केनेडी. आणि १९८३ चा लीग कप अंतिम सामना घ्या, पेझलीचा शेवटचा हंगाम : ग्रोबेलार, नील, अॅलन केनेडी, लॉरेन्सन, व्हीलन, हॅन्सन, डलग्लिश, ली, रश, जॉन्स्टन, सूनेस. यात शँकलीचा एकही नाही. म्हणजे नऊ वर्षांत संघ पुरता बदलला, आणि बदलत असताना जिंकणं कुठेही थांबलं नाही. क्लफने डोंगर चढून दाखवला. पेझलीने चालत्या गाडीची चाकं बदलली.

आणि त्या पहिल्या फेरीच्या पराभवानंतर काय झालं तेही सांगायला हवं. १९७८-७९ चा तो लीग हंगाम : ४२ सामने, ८५ गोल केले, १६ खाल्ले. घरच्या मैदानावर वर्षभरात फक्त ४. विजयाला २ गुण असण्याच्या काळात ६८ गुण. दुसरे कोण आले होते ते तुम्हाला आठवत असेलच.

ट्रेंटकाठ

आम्हीच. :) १६ गोलांपुढे मी काही बोलत नाही. संघाच्या यादीचा मुद्दाही वजनदार आहे. तरी पाया कुणी घातला हा प्रश्न राहतोच.

स्नायूबंध

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून या धाग्यावर खास लिहावंसं वाटलं.

१९६५ चा एफए कप अंतिम सामना, लीड्सविरुद्ध. सुरुवातीच्या काही मिनिटांतच डावा बचावपटू गेरी बर्न याच्या गळपट्टीचं हाड मोडलं. तेव्हा बदली खेळाडू नसायचे. पेझली धावत आत गेला, हाताने चाचपलं, हाड मोडल्याचं त्याला कळलं, आणि लीड्सला सुगावा लागू न देता बर्न खेळत राहिला. जादा वेळ धरून १२० मिनिटं. वर त्याच्याच क्रॉसवर हंटने पहिला गोल केला. लिव्हरपूलने क्लबच्या इतिहासातला पहिला एफए कप जिंकला, २-१.

आजच्या कसोट्यांवर हा निर्णय बसत नाही आणि मी कुणालाही असं करू देणार नाही. पण त्या काही सेकंदांत पेझलीने काय तपासलं असेल याचा विचार करा. हाड तर मोडलंच होतं. हा माणूस वेदना सोसेल का, धावताना हात कसा धरेल, आणि समोरच्याला ते दिसेल का, हेच खरे प्रश्न होते. खेळाडूला वर्षानुवर्षं टेबलावर झोपवून तपासलं असेल तरच याची उत्तरं देता येतात. तपासणीच्या टेबलावर खेळाडू मॅनेजरला सांगत नाही ते सांगतो. दुखण्यात माणसाचा स्वभाव उघडा पडतो. आमच्या कामातली ही गोष्ट पेझलीने मॅनेजरच्या खुर्चीत नेली, असं मला वाटतं. त्यामुळे धागाकर्त्याच्या मूळ मुद्द्याशी पूर्ण सहमत.

१९६८ मध्ये स्पर्सविरुद्ध जखमी एमलिन ह्यूजला पाठुंगळी घेऊन मैदानाबाहेर आणणारा पेझली, हा फोटो अनेकांनी पाहिला असेल. २०२० मध्ये अॅनफिल्डबाहेर त्याचा पुतळा बसवला तो याच क्षणाचा. पुतळ्यात त्याच्या हातात कप नाही, पाठीवर खेळाडू आहे. ज्याने हे ठरवलं त्याला पेझली कळला होता.

तेरावा खेळाडू

रे केनेडीचं स्थान बदललं असं सगळीकडे वाचायला मिळतं. म्हणजे नेमकं काय केलं? मी नंतरच्या पिढीतला, मला तो फक्त नावाने माहीत आहे.

डावा हाफबॅक

तेरावा खेळाडू, हा तर माझा आवडता विषय.

रे केनेडी आर्सेनलच्या १९७१ च्या लीग आणि कप दोन्ही जिंकणाऱ्या संघाचा सेंटर फॉरवर्ड. धिप्पाड. शँकलीने त्याला १,८०,००० पौंडांना घेतलं, आणि शँकलीच्या राजीनाम्याची बातमीही त्याच दिवशी आली. म्हणजे पेझलीला मिळालेली ही खरीखुरी आयती वस्तू. पण पुढे कीगन आणि टोशॅक ही जोडी जमलेली. केनेडी राखीव संघात जाऊन बसला, वजन वाढलं, आघाडीत लागणारी झेप मंदावली. दुसऱ्या कुणी त्याला विकला असता.

शाळकरी वयात हा मुलगा मधल्या फळीत खेळायचा, हे पेझलीला कळलं. त्याने त्याला डाव्या बाजूला मधल्या फळीत आणलं. तिथे झेपेची गरज कमी आणि नजरेची जास्त. डावा पाय सुरेख, चेंडू छातीवर घेऊन थांबवणं सहज, आणि मुख्य म्हणजे जुनी सवय : उजवीकडून क्रॉस आला की हा दूरच्या खांबाशी उशिरा, कुणाचंही लक्ष नसताना पोचायचा. मूळचा फॉरवर्डच तो, गोलाचा वास होताच. पुढे इंग्लंडसाठी १७ सामने, तिन्ही युरोपियन कप अंतिम सामन्यांत संघात.

वेग गेलेल्या खेळाडूकडे पाहून ‘संपला’ म्हणणारे पुष्कळ असतात. वेग गेला तरी काय उरलंय, हे पाहणारा विरळा.

बूटरूम

+१. केनेडीच्या त्या जागेत समोरचा उजवा बचावपटू गोंधळून जायचा. पाठलाग करावा तर जागा मोकळी, न करावा तर गोल.

हिशेबनीस

खरेदी-विक्रीचा मुद्दा राहून गेलाय. ‘लिव्हरपूलकडे पैसा होता’ असं म्हणतात, म्हणून चौघांच्या किमती मांडतो. फिल नील, नॉर्थॅम्प्टनहून, १९७४, ६६,००० पौंड. अॅलन हॅन्सन, पार्टिक थिसलहून, १९७७, १,००,०००. केनी डलग्लिश, सेल्टिकहून, १९७७, ४,४०,०००. ग्रॅम सूनेस, मिडल्सब्रोहून, जानेवारी १९७८, ३,५२,०००. बेरीज ९,५८,०००.

उजवा बॅक, सेंटर हाफ, मिडफिल्डचा कणा आणि आघाडीचा राजा, चौघं मिळून दहा लाखांच्या आत. क्लफने फेब्रुवारी १९७९ मध्ये एकट्या ट्रेव्हर फ्रान्सिससाठी दहा लाखांच्या घरात रक्कम मोजली. (फ्रान्सिसने माल्मोविरुद्धचा अंतिम सामना जिंकून दिला, त्यामुळे ती खरेदीही वसूल झाली. ट्रेंटकाठ रागावू नका.)

त्यातही डलग्लिशची गोष्ट खरी पाहण्यासारखी. कीगन परदेशी क्लबात जाणार हे हंगामभर सगळ्यांना माहीत होतं. युरोपियन कप जिंकून तो ५,००,००० पौंडांना हॅम्बुर्गला गेला. संघाचा सर्वांत लाडका खेळाडू, तोही ऐन भरात. लोक हवालदिल. पेझलीने त्यातले ४,४०,००० देऊन डलग्लिश आणला आणि ६०,००० शिल्लक. त्याच डिसेंबरात युरोपियन सुपर कपमध्ये समोर कीगनचा हॅम्बुर्ग. अॅनफिल्डवर ६-०. पुढच्या मे महिन्यात वेम्बलीवर क्लब ब्रुगविरुद्ध युरोपियन कपचा एकमेव गोल डलग्लिशचा.

निळी बाजू

सर्वांचे प्रतिसाद वाचले. मी एव्हर्टनच्या बाजूची, तरी पेझलीबद्दल आदर आहे. पण एक गोष्ट कुणी लिहिली नाही. हा माणूस मृदू होता असं चित्र रंगवलं जातं, कार्डिगन घातलेले काका वगैरे. निर्णय मात्र फार कठोर होते.

हॉवर्ड गेल. लिव्हरपूलच्या पहिल्या संघात खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, शहरातलाच मुलगा. एप्रिल १९८१, म्युनिकमध्ये बायर्नविरुद्ध युरोपियन कपचा उपांत्य सामना. डलग्लिश पहिल्या दहा मिनिटांत जखमी. जवळजवळ कुणालाच माहीत नसलेला गेल आत आला आणि त्याच्या वेगाने बायर्नची बचावफळी हैराण झाली. ते त्याला पाडत राहिले, प्रेक्षक त्याच्यावर ओरडत राहिले. दुसऱ्या डावात त्याला पिवळं कार्ड मिळालं आणि पेझलीने त्याला बाहेर काढलं. बदली म्हणून आलेल्या खेळाडूलाच बदललं. त्या रात्री आयुष्यातला सर्वोत्तम सामना खेळणाऱ्या मुलाला असं बाहेर बोलावणं मला आजही बोचतं.

डावा हाफबॅक

निळी बाजू, हा मुद्दा धाग्यावर यायलाच हवा होता. धन्यवाद.

मी तो निर्णय बरोबर मानतो, आणि तो गेलसाठी क्लेशाचा होता हेही मानतो. बायर्नवाले त्याला चिथावत होते. दुसरं कार्ड मिळालं असतं तर परक्या मैदानावर दहा जण उरले असते, अॅनफिल्डवरचा पहिला सामना ०-० सुटलेला. गेलच्या जागी जिमी केस आत आला, आणि ८३ व्या मिनिटाला रे केनेडीने गोल केला. बायर्नने बरोबरी साधली तरी बाहेरच्या गोलावर (एकूण गोल सारखे असले तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे) लिव्हरपूल अंतिम सामन्यात. पेझलीला त्या क्षणी मुलाच्या स्वप्नापेक्षा संघ मोठा वाटला. १९५० मध्ये त्याच्याशी हेच घडलं होतं, तेव्हा तो बाकाच्या दुसऱ्या बाजूला होता.

तुम्ही म्हणता तो कठोरपणा फिल थॉम्पसनच्या बाबतीतही दिसतो. १९८१ च्या डिसेंबरात, ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी, मँचेस्टर सिटीने अॅनफिल्डवर ३-१ हरवलं. लीगमध्ये बारावं स्थान. मे महिन्यात युरोपियन कप उंचावणारा कर्णधार थॉम्पसन, त्याच गावचा, कॉपमध्ये, म्हणजे अॅनफिल्डवरच्या चाहत्यांच्या सज्जात, उभा राहून मोठा झालेला. पेझलीने कर्णधारपद काढून सूनेसला दिलं. कर्णधारपदाचा भार त्याच्या खेळावर पडतोय असं त्याचं निदान होतं. थॉम्पसन दुखावला गेला, बराच काळ. संघ मात्र उरलेल्या २५ लीग सामन्यांपैकी २० जिंकून विजेता झाला.

निळी बाजू

निदान हा शब्द तुम्ही अचूक वापरलात. कठोरपणाला माझा आक्षेप नाही, फक्त तो कार्डिगनमागे लपू नये.

जुना गॅलरीवाला

थोडं शँकलीच्या बाजूने लिहितो, कारण या गोष्टीत एक दुःखी कोपरा आहे.

जुलै १९७४ मध्ये शँकलीने अचानक राजीनामा दिला. वय साठ. क्लबने मनधरणी केली, पेझलीनेही केली. त्याला स्वतःला ती खुर्ची नको होती आणि खेळाडूंसमोर पहिल्याच बैठकीत त्याने तसं सांगितलं. ऑगस्टमध्ये चॅरिटी शील्डला (लीगविजेता विरुद्ध एफए कपविजेता असा हंगामारंभीचा सामना) संघाला मैदानात घेऊन शँकलीच आला, शेजारी लीड्सच्या पुढे त्यांचा तेव्हाचा मॅनेजर क्लफ. (कीगन आणि ब्रेम्नर दोघांना बाहेर काढलं तो हाच सामना.)

मग शँकली मेलवूडला सरावाला येत राहिला. सवय सुटेना. खेळाडू त्याला अजून ‘बॉस’ म्हणायचे आणि पेझलीला ‘बॉब’. पेझलीची यात किती कुचंबणा झाली असेल! पंधरा वर्षं ज्याच्या शेजारी बसला त्याला ‘येऊ नका’ कसं म्हणणार? शेवटी शँकलीला कळून चुकलं की आपलं येणं नकोसं झालंय, आणि तो मनातून तुटला. १९८१ मध्ये गेला. दोघांनी मिळून उभारलेल्या क्लबात एकाच्या यशामुळे दुसऱ्याला जागा उरली नाही. यात खलनायक कुणी नाही. मला दोघांचीही कणव येते.

म्हणूनच ‘शँकली की पेझली’ हा वाद मला रुचत नाही. शँकलीशिवाय पेझली मॅनेजर झाला नसता. आणि पेझलीच्या नोंदी, त्याचे डोळे शेजारी नसते तर शँकलीचे खेळाडू हंगामभर टिकले नसते.

ट्रेंटकाठ

जुना गॅलरीवाला, सुंदर प्रतिसाद. ही गोष्ट आम्हाला जवळची आहे. क्लफ आणि पीटर टेलर यांचंही असंच, किंबहुना याहून वाईट झालं. १९८३ मध्ये टेलरने डर्बीसाठी आमचा जॉन रॉबर्टसन नेला आणि त्यानंतर दोघांमधलं बोलणं कायमचं बंद. टेलर १९९० मध्ये गेला. जोडीने उभं केलेलं यश वाटून घेणं माणसांना फार जड जातं. पेझली आणि शँकली निदान वैरी झाले नाहीत.

तेरावा खेळाडू

रोम आणि रणगाड्याची काय गोष्ट आहे? कुठेतरी ओझरतं ऐकलं होतं.

बूटरूम

१९४४ मध्ये रोम मुक्त झालं तेव्हा पेझली फौजेबरोबर रणगाड्यावरून शहरात शिरला होता. ३३ वर्षांनी, २५ मे १९७७ ला, त्याच शहरात ऑलिंपिक स्टेडियमवर बोरुसिया म्योन्शनग्लाडबाखविरुद्ध युरोपियन कप अंतिम सामना. चारच दिवस आधी एफए कपच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेडने हरवलेलं. तिहेरी यश हुकलेलं, खेळाडू खचलेले. रोममध्ये मॅकडर्मॉट, टॉमी स्मिथ, आणि नीलची पेनल्टी. ३-१. लिव्हरपूलचा पहिला युरोपियन कप.

त्या रात्री सगळे जल्लोषात बुडाले असताना पेझलीने दारूला हात लावला नाही. प्रत्येक क्षण ध्यानात राहावा म्हणून.

हिशेबनीस

एवढं सगळं करून ‘सर’ ही पदवी नाही. बस्बीला १९६८ मध्ये एका युरोपियन कपनंतर, फर्ग्युसनला १९९९ मध्ये एका युरोपियन कपनंतर. पेझलीला १९७७ मध्ये ओबीई हा त्याहून खालचा सन्मान, आणि तिथेच थांबलं. तीन कप जिंकलेला माणूस १४ फेब्रुवारी १९९६ ला गेला, अखेरची वर्षं अल्झायमरने ग्रासलेली. मरणोत्तर ही पदवी देत नाहीत, त्यामुळे आता मार्गच बंद. मला हा अन्याय वाटतो, आणि आवाज न करणाऱ्या माणसावर तो सहज होतो.

निळी बाजू

सहमत. शहराच्या निळ्या भागातही यावर दुमत सापडायचं नाही.

सातवा क्रमांक

उशिरा आलो. एक प्रश्न : एफए कप का नाही जिंकला? बाकी सगळं जिंकणाऱ्याला हीच स्पर्धा का अडली?

डावा हाफबॅक

सातवा क्रमांक, एकच एक कारण देता येणार नाही. तीन वेळा तो अगदी जवळ आला होता. १९७७ चा अंतिम सामना वर आलाच आहे. १९७९ ला उपांत्य फेरीत पुन्हा मँचेस्टर युनायटेड, फेरसामन्यात पराभव. १९८० ची उपांत्य फेरी तर विलक्षण : आर्सेनलशी एकदा, दोनदा, तीनदा बरोबरी, चौथ्या सामन्यात हार. शेवटचा सामना १ मे ला, लीगची चुरस चालू असताना. त्या काळी बरोबरी झाली की पुन्हा खेळायचं. पेनल्टीने निकाल लावण्याची सोय नव्हती.

पेझलीची रीत लांब पल्ल्याची होती. ४२ सामन्यांत दुखापती, मैदानं, थकवा यांचा अंदाज बांधून संघ हाकायचा, आणि तिथे त्याची नजर सर्वांत जास्त कामी यायची. युरोपियन कपही तेव्हा दोन पायांचा, म्हणजे पहिल्या सामन्यात पाहिलेलं दुसऱ्यात वापरता यायचं. एफए कप मात्र एका दुपारचा. त्या दुपारी समोरचा गोलरक्षक पेटला, चेंडू कुणाच्या छातीला लागून आत गेला, की संपलं. युनायटेडचा १९७७ मधला विजयी गोल तसाच, मकारीचा फटका जिमी ग्रीनहॉफला लागून वळला आणि आत गेला.

सातवा क्रमांक

पटलं. तो सामना शोधून पाहतो. आणि एकच सामना पाहायचा झाला तर कोणता सुचवाल?

डावा हाफबॅक

म्युनिक, एप्रिल १९८१. चेंडू सोडून रे केनेडीकडे पाहत राहा, आणि गेल मैदानात असतानाची मिनिटं अजिबात चुकवू नका.